मुकादम, चौगुला, काजी : बेने इस्राएलांचा वाटून घेतलेला अधिकार

अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या पट्ट्यातल्या खेड्यांत एक ज्यू समाज शतकानुशतकं राहत आला. त्याच्याकडे रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेला धर्मगुरू, नव्हता. हिब्रू ग्रंथ नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रार्थनेसाठी बांधलेली इमारतही नव्हती, आणि जगातल्या इतर ज्यूंशी येणंजाणं जवळजवळ तुटलेलं होतं. तरीही या लोकांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, आठव्या दिवशी मुलाची सुंता केली, पर आणि खवले नसलेला मासा घरात शिजवला नाही आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी ‘शेमा इस्राएल’ ही एकच आठवणीत उरलेली प्रार्थना म्हटली. शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं, म्हणवतात. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर, आष्टमकर, नवगावकर ही त्यांची आडनावं, आणि मराठी ही त्यांची मायबोली.

धर्मगुरू नाही, ग्रंथ नाही, देऊळ नाही. मग धर्म टिकला कसा? श्रद्धा आणि चिवटपणा हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. चिवटपणालाही घडी लागते. लग्न कोणी लावायचं, भांडण कोणी मिटवायचं, दंड किती आणि तो कोणाकडे जमा करायचा, आजारी विधवेच्या घरी धान्य कोण पोचवणार, हे रोजचे प्रश्न कोणाला तरी सोडवावे लागतात. बेने इस्राएलांनी ते एका माणसावर सोपवले नाहीत. मुकादम, चौगुला, काजी, हजान, गब्बाई, शामाश हे पदाधिकारी आणि या सगळ्यांबरोबर बसणारे वडीलधारे यांच्यात त्यांनी अधिकार वाटून टाकला. हा समाज टिकण्यामागचं मोठं कारण या वाटणीत आहे, असं मला वाटतं. तिची मुळं दोन ठिकाणी सापडतात. एक मूळ सिनायच्या वाळवंटात आहे, दुसरं आपल्या दख्खनच्या मातीत.

मोशेची तक्रार

ज्यू परंपरेतला सर्वांत मोठा नेता मोशे. पण त्याच्या ग्रंथांत त्याच्या नेतृत्वाचं जे चित्र येतं, त्यात थकवा फार आहे. इजिप्तमधून बाहेर पडल्यावर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसे. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला आणि हे पाहून त्याने स्पष्ट सांगितलं, की अशाने तूही झिजशील आणि लोकही. त्याच्या सल्ल्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर प्रमुख नेमले गेले. लहान वाद त्यांनी मिटवायचे, अवघड तेवढे मोशेकडे यायचे. ही हकीकत निर्गम या ग्रंथाच्या 18व्या अध्यायात आहे. सल्ला देणारा इथ्रो मिद्यानी होता, इस्राएलांपैकी नव्हता. आपल्या न्यायव्यवस्थेची पहिली रचना एका परक्या माणसाने सुचवली, हे या परंपरेने झाकून ठेवलं नाही.

गणना या ग्रंथाच्या 11व्या अध्यायात तक्रार आणखी तीव्र होते. वाळवंटात लोक मांसासाठी रडू लागतात आणि मोशे देवाला सांगतो, की हा सगळा भार मला एकट्याला पेलवत नाही. असंच चालणार असेल तर मला मरण दे. त्यावर देव त्याला धीर धरायला सांगत नाही. लोकांमधले 70 वडीलधारे देवाच्या तंबूपाशी गोळा कर, असं सांगतो. मोशेवर जो आत्मा आहे त्यातला काही अंश त्या सत्तरांवर ठेवला जातो. मग एक घटना घडते, जी मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. एलदाद आणि मेदाद हे दोघे तंबूपाशी आलेलेच नसतात. छावणीतच थांबलेल्या या दोघांनाही प्रेरणा होते आणि ते तिथेच संदेश सांगू लागतात. तरुण यहोशवा घाबरून मोशेला म्हणतो, त्यांना थांबवा. मोशे उलट विचारतो, की माझ्यासाठी तू मत्सर करतोस का? सगळेच लोक असे प्रेरित झाले असते तर किती बरं झालं असतं!

वाटल्याने अधिकार कमी होत नाही, हा विचार इथे एका नेत्याच्या तोंडून येतो, आणि तोही त्याच्या परवानगीशिवाय कोणी बोलू लागल्यानंतर. पुढच्या ज्यू विचारवंतांनी या 70 जणांकडे वारंवार बोट दाखवलं. यरुशलेमच्या सर्वोच्च न्यायसभेत, सनहेद्रिनमध्ये, 71 सदस्य का, याचं उत्तर मिश्ना हा ग्रंथ असंच देतो : सत्तर वडीलधारे आणि त्यांच्यावर मोशे.

बोलण्याचा क्रम, पैशाचा हिशोब

इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेला मिश्ना आणि त्यावरच्या चर्चेतून वाढलेला तालमूद यांत सामुदायिक नेतृत्वाचे नियम फार बारकाईने आले आहेत. सद्भावनेवर विसंबून न राहता माणसाच्या स्वभावातल्या खाचाखोचा ओळखून ते केले आहेत.

न्यायसभा अर्धवर्तुळात बसते, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. पैशाच्या साध्या वादालाही तीन न्यायाधीश लागतात. एकट्याने निवाडा करू नये, असा उपदेश आहे. देहदंडाच्या खटल्याला 23 लागतात. निर्दोष ठरवायला एका मताचं आधिक्य पुरतं, दोषी ठरवायला दोन मतांचं लागतं. अशा खटल्यात मत देण्याची सुरुवात ज्येष्ठांपासून करायची नाही, कडेला बसलेल्या कनिष्ठांपासून करायची. ज्येष्ठ आधी बोलला, तर कनिष्ठाला त्याच्याविरुद्ध बोलण्याचा संकोच होईल, आणि त्या संकोचापायी एखादा माणूस जीव गमावून बसेल. ज्येष्ठांचा मान राखणाऱ्या परंपरेने त्या मानाचा दबाव कुठे घातक ठरतो हेही ओळखलं होतं. तालमूदात तर असंही मत आहे, की सगळ्यांनी एकमुखाने दोषी ठरवलं तर आरोपीला सोडून द्यावं. ज्या सभेत आरोपीच्या बाजूने एकही शब्द निघाला नाही, त्या सभेने पुरेसा विचार केला याची खात्री काय?

पैशाबाबत नियम असा : दानाचा पैसा गोळा करायला किमान दोघांनी जायचं आणि वाटायला तिघांनी बसायचं. गोळा करणं हा लोकांवरचा अधिकार आहे, तो एकट्याच्या हाती नको. वाटणं हा तर निवाडाच आहे, कारण कोणाची गरज मोठी हे ठरवायचं असतं, म्हणून न्यायसभेइतकेच तिघं. गावाची सार्वजनिक मालमत्ता विकायची तर ‘गावातले सात भले लोक’ आणि तेही गावकऱ्यांच्या समक्ष. आणि समाजावर पुढारी नेमताना आधी समाजाला विचारावं, असंही तालमूद सांगतो.

वडीलधाऱ्यांच्या जबाबदारीची सीमा किती दूर जाते, हे एका विलक्षण विधीवरून कळतं. रानात एखादं प्रेत सापडलं आणि मारेकरी मिळाला नाही, तर आसपासच्या गावांची अंतरं मोजायची. सर्वांत जवळच्या गावातल्या वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी एका कालवडीची मान मोडून, तिच्यावर हात धुऊन सांगायचं, की हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही. मिश्ना लगेच प्रश्न करतो : वडीलधाऱ्यांवर खुनाचा संशय कोणी घेतला होता? मग उत्तर देतो, की त्यांना असं म्हणायचं आहे : हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला अन्न न देता, सोबत न देता जाऊ दिलं, असं झालेलं नाही. म्हणजे गावाच्या वेशीबाहेर मेलेल्या अनोळखी वाटसरूचाही जाब ज्येष्ठांनी द्यायचा.

ज्येष्ठ म्हणजे किती वर्षांचा?

पिकल्या केसांपुढे उठून उभं राहावं, ही तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, आज्ञा आहे. पण तालमूदात ज्येष्ठ कोणाला म्हणावं, याची चर्चा होते तेव्हा एक मत असं येतं, की ज्याने शहाणपण मिळवलं तो ज्येष्ठ. या मताला धरून एक जुनी कथा आहे. दुसऱ्या शतकाच्या आसपास रब्बान गमलिएल हे विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्वान, कडक आणि कोणालाही सहज आत न सोडणारे. दारावर त्यांनी पहारेकरी बसवला होता. रब्बी यहोशुआ या सहकाऱ्याशी मतभेद झाला की ते त्याला सर्वांसमोर उभं करून ठेवत. शेवटी सभेनेच त्यांना पदावरून उतरवलं आणि एलाजार बेन अजऱ्या या तरुणाला बसवलं. एका पाठाप्रमाणे तो 18 वर्षांचा होता. बायकोने त्याला म्हटलं, तुझा एकही केस पांढरा नाही. तर कथा सांगते, की त्याच दिवशी त्याच्या दाढीत पांढऱ्या केसांच्या रांगा उमटल्या. पहारेकरी हटवला गेला, शेकडो नवे विद्यार्थी आत आले आणि रखडलेले प्रश्न त्या एका दिवसात सुटले.

शेवट तर आणखी सुंदर आहे. गमलिएल यांनी यहोशुआंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. मग त्यांना पुन्हा पद द्यायचं तर तरुण एलाजारचं काय करायचं? त्यालाही न काढता दोघांनी आळीपाळीने प्रवचन करायचं ठरलं. चूक केलेला ज्येष्ठ परत घेतला गेला आणि तरुणाचा मानही गेला नाही. दोन पिढ्यांनी खुर्ची वाटून घेण्याची इतकी जुनी आणि इतकी प्रामाणिक हकीकत मला दुसरी आठवत नाही.

किनाऱ्यावरचे काजी

आता कोकणात येऊ. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष आणि सात स्त्रिया. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे कितीतरी काळाने दाविद रहाबी नावाचा ज्यू तिथे आला. हे लोक आपलेच आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांना मासे स्वच्छ करायला दिले, आणि त्यांनी पर-खवले नसलेले मासे बाजूला काढले. रहाबी कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण कथेतली खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्माची परीक्षा झाली ती स्वयंपाकघरातल्या बायकांची, आणि समाज उत्तीर्ण झाला तो त्यांच्यामुळे.

या रहाबीने तीन घराण्यांतले तीन पुरुष निवडून त्यांना शिकवलं, असं परंपरा सांगते. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना काजी म्हणू लागले. हे काजी गावोगाव फिरत. लग्न लावत, सुंता करत, तंटे ऐकत. त्यांचं काम धर्माचं होतं आणि न्यायाचंही. पद घराण्यात चालत आलं. सुरुवातच एका गुरूऐवजी तीन शिष्यांनी झाली. तिघं असल्यामुळे एखाद्या काजीचं घर बुडालं, दुष्काळात किंवा लढाईत गाव उठलं, तरी बाकीच्या वाड्यावस्त्यांचे विधी अडत नसत.

दख्खनचा साचा

काजींच्या जोडीला मुकादम आणि चौगुला आले, आणि इथे छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला ओळखीचा प्रदेश लागतो. हे शहर 1610मध्ये खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर. त्याच निजामशाहीचं मोठं बंदर म्हणजे चौल, बेने इस्राएलांच्या वस्तीच्या अगदी मध्यावर. दौलताबादेच्या पायथ्यापासून चौलच्या खाडीपर्यंत एका राज्याचा अंमल होता, आणि त्यानंतर राज्यं बदलली तरी खेड्याचा कारभार साधारण एकाच घडीचा राहिला. गावाचा मुख्य तो पाटील किंवा मुकादम. त्याचा मदतनीस चौगुला. हिशोब कुलकर्ण्याकडे. मुसलमानी वस्तीत निवाड्याला आणि निकाहाला काजी. पुढे हैदराबादच्या निजामाच्या अमदानीत मराठवाड्यातल्या गावांत वसुलीचा माली पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील असे दोन वेगळे होते; कागद पटवाऱ्याकडे असत. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा कारभार डोळ्यांनी पाहिला आहे.

वतनाचा किंवा हद्दीचा मोठा तंटा निघाला, तर गोतसभा बसे. पाटील, चौगुला, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे पाटील आणि बलुतेदार. निर्णयाचा कागद म्हणजे महजर, आणि त्यावर पाटलाची निशाणी नांगर, इतरांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या अवजारांच्या. लिहितावाचता न येणारा सुतार किंवा न्हावीही त्या कागदाचा साक्षीदार आणि भागीदार असे.

बेने इस्राएल याच गावांत घाणा चालवत, शेती करत, आरमारात आणि फौजेत चाकरी करत होते. सामुदायिक कारभाराची जी रीत शेजारी चालत होती, तीच त्यांनी आपल्या जमातीसाठी घेतली. ब्रिटिश अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांच्या जमातसभेचं वर्णन येतं. सामाजिक आणि धार्मिक तंटे सगळ्या प्रौढ पुरुषांच्या सभेत मिटवले जात. सभेचा प्रमुख मुकादम. त्याला दंड करण्याचा अधिकार होता, पण तो चौगुले आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने वापरायचा. त्यांच्याबरोबर गब्बाई म्हणजे खजिनदार, हजान म्हणजे प्रार्थना चालवणारा, काजी, आणि शामाश म्हणजे प्रार्थनालयाची व्यवस्था पाहणारा.

ही यादी सावकाश वाचली की वाटणी दिसते. मुकादम, चौगुला आणि काजी ही दख्खनच्या गावगाड्यातली पदं. हजान, गब्बाई आणि शामाश ही जगभरच्या ज्यू प्रार्थनालयांतली. पैसा सांभाळणारा निवाडा एकटा देत नाही. निवाड्याच्या सभेचा प्रमुख प्रार्थना चालवत नाही. प्रार्थना चालवणाऱ्याच्या हातात तिजोरी नाही. दान गोळा करायला दोघं आणि वाटायला तिघं लागतात, हा तालमूदातला नियम कोकणातल्या तेल्याने वाचलेला नव्हता. पण गोतसभेजवळ बसून बसून तो त्याच्या अगदी जवळ पोचला होता. ज्यू विचार आणि मराठी रीत यांचं हे जमणं मला या समाजाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मुंबईतली मशीद

अठराव्या शतकात बेने इस्राएल कुटुंबं मुंबईत येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत त्यांच्यापैकी अनेक जण नाव काढून वर गेले. त्यांतलेच एक अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले, सुटून परत आले, आणि 1796मध्ये त्यांनी मांडवी भागात शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार, हे प्रार्थनालय बांधलं. हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. तोराच्या गुंडाळ्या मिळवायला दिवेकर कोचीनला गेले आणि तिथेच वारले. लोक या इमारतीला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मशीद बंदर स्थानकाचं नाव तिच्यावरून पडलं असं सांगितलं जातं.

इमारत आली तशी घडी बदलली. कोचीनहून शिकलेले हजान आणि शिक्षक आले. हिब्रू प्रार्थना, वर्षाचे सण, तोराचं वाचन यांची पद्धत बसली. दारफाळणीचा सण आणि बिरड्याचा रोजा अशी मराठी नावं पडलेले दिवस आता हिब्रू नावांनीही ओळखले जाऊ लागले. गावोगाव फिरणाऱ्या काजीचं महत्त्व ओसरलं आणि हजानाचं वाढलं. अलिबागला 1848मध्ये मागेन आबोथ, पनवेलला 1849मध्ये बेथ एल, ठाण्याला 1879मध्ये शार हाशामाईम, पुण्याला 1921मध्ये सुक्कथ शेलोमो, अशी प्रार्थनालयं उभी राहिली. प्रत्येकाची आपली पंचमंडळी, आपला हिशोब, आपला खर्च. मुंबईच्या एखाद्या बड्या गुरूने सगळ्यांवर हुकूम चालवावा, अशी सोय यात नव्हती. अलिबागचा निर्णय अलिबागकरांनी घ्यायचा.

हायिम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारखी माणसं या मंडळ्यांतूनच वर आली. 1875मध्ये त्यांनी मुंबईत मुलांसाठी इस्राएली शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. आज ती माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणून ओळखली जाते. 1897मध्ये त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, जो 1937मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांच्याकडे ना काजीचं वतन होतं, ना हजानाचं पद.

सभेबाहेर ठेवलेले

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण वाटून घेतलेला अधिकार कोणाकोणात वाटला हा प्रश्न त्याइतकाच महत्त्वाचा आहे. बेने इस्राएलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट मानले जात. आई-वडील दोघंही बेने इस्राएल असलेले ते गोरे, आणि जातीबाहेरच्या संबंधातून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे, अशी समजूत होती. त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता, आणि प्रार्थनालयातल्या मानातही काळ्यांना मागे ठेवलं जाई. वर्णजातीची ही चालही शेजाऱ्यांकडूनच आली होती आणि तिचे रखवालदारही हेच वडीलधारे होते. ज्या सभेने न्याय दिला, तिनेच वाळीतही टाकलं. ही भिंत विसाव्या शतकात खचत गेली, पण ती होती.

फाटाफुटीही झाल्या. 1840च्या दशकात मुंबईत शारे रासोन हे दुसरं प्रार्थनालय निघालं आणि ते ‘नवी मशीद’ झालं. 1917च्या सुमारास समाजाच्या दोन वेगवेगळ्या अखिल भारतीय संघटना उभ्या राहिल्या. राजकारणात समाजाने किती आणि कोणाबरोबर पडावं यावर मतं दुभंगली होती. अधिकार वाटला की मतभेद वाटणीला येतातच. मोशेच्या छावणीतही एलदाद आणि मेदाद तंबूपाशी आलेले नव्हतेच.

आणि स्त्रिया. माशांची परीक्षा त्यांनी दिली, पण प्रौढ पुरुषांच्या सभेत त्यांना जागा नव्हती. ती त्यांनी स्वतः केली. 1913मध्ये मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ सुरू झालं. 1925मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यू रिलिजस युनियनची स्थापना करून उदारमतवादी विचारांचं प्रार्थनामंडळ उभं केलं. कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या, देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या, आणि 1966मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या झिराडकर नावाच्या घराण्यातून परंपरेने एक काजी निवडला होता, त्याच झिराड गावच्या नावाची एक स्त्री विसाव्या शतकात समाजाची ज्येष्ठ म्हणून मानली गेली. शहाणपण मिळवलं तो ज्येष्ठ, हे तालमूदातलं मत इथे खरं उतरलं.

दहा जण

1948 नंतर बेने इस्राएलांची बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे 1960च्या दशकाच्या सुरुवातीला रब्बींच्या मुख्य पीठाने त्यांच्या लग्नांबाबत शंका काढली : शतकानुशतकं रब्बींशिवाय राहिलेल्या या लोकांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रशुद्ध होते का? धर्मगुरू नसताना धर्म जपल्याचीच जणू शिक्षा होती ती. बेने इस्राएलांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. हे आंदोलन एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणावर चाललं नाही. लोद, बेरशेबा, अश्दोद अशा गावांत विखुरलेल्या कुटुंबांनी आणि त्यांच्या मंडळ्यांनी ते चालवलं. 1964मध्ये इस्राएल सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांना वेगळं काढणाऱ्या सूचना मागे पडल्या.

भारतात 2011च्या जनगणनेत ज्यूंची संख्या 4,650 होती आणि त्यांतले 2,466 महाराष्ट्रात. 2016मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुकादम आणि चौगुल्याच्या जागी आता सार्वजनिक न्यास आहेत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडून येतात आणि हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो. पण पूर्ण सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांना मिनियान म्हणतात. रायगडच्या एखाद्या गावात दहा जण जमवणं आता अवघड आहे. तरी एलियाहू हानावी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने मलिदा हा नैवेद्य केला, की पोहे, गूळ, खोबरं आणि फळांच्या ताटाभोवती माणसं जमतात. हजान नसेल तर जाणत्याने प्रार्थना म्हणायची, हे कोकणातच शिकलेलं कौशल्य अजून उपयोगी पडतं.

दहाची ही अट मला या परंपरेतलं सर्वांत खोल वचन वाटते. रब्बी हजर असला तरी नऊ जणांत मिनियान होत नाही. दहा अडाणी माणसं जमली तर होतो. म्हणजे पूजेचा अधिकार ज्ञानाने किंवा पदाने पुरा होत नाही, जमावाच्या पुरेपणाने पुरा होतो.

छत्रपती संभाजीनगरात किंवा कोणत्याही मराठी गावात आज देवस्थानाचं विश्वस्त मंडळ असेल, सहकारी सोसायटी असेल, वस्तीचं मंडळ असेल. तिथे या अनुभवातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. कठीण निर्णयाच्या बैठकीत सर्वांत लहान सदस्याला आधी बोलू द्यावं. देणगीची पेटी एकट्याने उघडू नये. मालमत्तेचा व्यवहार सभासदांसमोर व्हावा. वादातल्या एका बाजूचं कोणीच बोललं नाही, तर निर्णय पुढे ढकलावा. ज्येष्ठाने चूक कबूल केली, तर त्याला परत घ्यावं, पण मधल्या काळात पुढे आलेल्या तरुणाला खुर्चीवरून उठवू नये. आणि बेने इस्राएलांच्या गोऱ्या-काळ्यांचा इतिहास आठवून दर बैठकीत एकदा मोजावं, की या खोलीत कोण आलेलं नाही आणि ते का आलेलं नाही. हे शेवटचं काम ज्येष्ठांचं आहे, कारण दार कोणासाठी बंद झालं हे त्यांनाच सर्वांत आधी आठवत असतं आणि ते उघडण्याचा मानही त्यांच्याकडेच असतो.